कर्दा आणि चकमक

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. दुबईतल्या मंदीबद्दल कोणी विचारलं की बंद पडलेल्या क्रेन आणि रिकामी ऑफिसं यांचं तासभर सांगायचो. दाजूपाशी आलो की विषय बदलायचो.

दाजू म्हणजे जबल अलीच्या आमच्या गोदामावरचा नेपाळी वॉचमन. माझ्याहून लहान, तरी सगळे त्याला दाजू, म्हणजे दादा, म्हणत. त्याच्या वडिलांची खुकरी गावी होती. खुकरीच्या म्यानाला मागे दोन छोटे कप्पे असतात. एकात कर्दा, म्हणजे बोटभर पात्याची सुरी. दुसऱ्यात चकमक, म्हणजे धार लावायची बोथट पोलादी पट्टी. दाजू घरून निघाला तेव्हा आईनं ही जोडी काढून त्याच्या हातात दिली होती. परत आणून जागेवर ठेवायची, एवढंच तिचं सांगणं.

दोन हजार आठच्या खंडेनवमीला ती जोडी मी मागून घरी नेली. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये आम्ही कात्री, पाना आणि लॅपटॉप पुजायचो. शस्त्र म्हणावं असं काही नसायचंच. दाजू खूश झाला. त्यांच्याकडेही दसऱ्याला हत्यारं पुजतात, आणि लेबर कॅम्पात पातं बाहेर काढायची सोय नव्हती. उद्या परत देतो, म्हणालो. जोडी देवघरातच राहिली. तो आठवण करून द्यायचा आणि मी "इन्शाल्ला, उद्या" म्हणून हसायचो.

मग मंदी आली. गोदाम रिकामं होत गेलं, तशी माणसंही. दाजूलाही नोटीस मिळाली. एका संध्याकाळी त्यानं आमची बेल वाजवली. मला वाटलं, मोठ्या साहेबांकडे शब्द टाका म्हणायला आलाय. मी घरी नाही म्हणून सांग, असं बायकोला म्हटलं.

"अहो, एवढ्या लांबून आलाय तो," ती म्हणाली.

तोवर मुलीनं दार उघडलं होतं. "ही इज इनसाइड, अंकल."

मी बाहेर आलो आणि त्याला बोलूच दिलं नाही. आत बसला तर नोकरीचं काढेल, म्हणून दारातूनच त्याला वाटेला लावायला तुझी जोडी ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे, उद्या देतो, म्हणालो.

"साब, फ्लाइट तो आज है," तो म्हणाला. नोकरीचं त्यानं नावही काढलं नाही.

देवघर माझ्या पाठीमागच्या भिंतीलाच होतं. जोडी आणून दिली असती तर बायको-मुलीसमोर खोटा ठरलो असतो. मी दाराची कडी धरून तसाच उभा राहिलो.

"अम्मा पूछेगी," एवढं बोलून तो लिफ्टकडे गेला. मी दार लावून घेतलं.

पुढे त्याचा नंबर बंद लागला. त्याला आमच्याकडे पाठवणारी, दुबईच्या देरा भागातली एजन्सीही उठून गेली होती. त्याच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. आता पुण्यात राहतो. जोडी माझ्याजवळ आहे. त्याला सांगायचं वाक्य मी हिंदीतच जुळवून ठेवलंय, कारण आम्ही हिंदीतच बोलायचो: दाजू, दोनों चीज़ें उस शाम घर में ही थीं। मैंने झूठ बोला। अम्मा से कहना, गलती मेरी थी।