वसंता जुगारी नव्हता

वसंता गेल्याचं माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, सुगंधाने, फोनवर कळवलं. शोकसभेत मी व्यवस्थित बोललो. मागून कोणीतरी वसंताबद्दल कुजबुजलं, ‘ते जुगारवाले ना हे?’ मी ऐकलं आणि गप्प बसलो... ते गप्प बसणं आज मोडतो आहे. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला राग आला तर येऊ दे.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन रत्नागिरीला परतला, तो एक खेळ घेऊन. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, वसंताने प्रसंग सांगायचा, काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे सांगणार. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात पाच-सहा कॉलेजातली मुलं जमत. मी तेव्हा वाचनालयाचा कार्यवाह, निवृत्त शिक्षक. बघू तरी, म्हणून जाऊन बसलो.

वसंता सांगायचा कमी, विचारायचा फार. ‘गुहेत शिरलीस. आधी वास कसला आला गो?’

प्रश्न सुगंधाला होता. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरची ही मुलगी माझ्या वर्गात कधी बोललीच नाही. प्रगतिपुस्तकावर ‘आकलन कमी’ हा शेरा माझाच. ती म्हणाली, ‘सुक्या बांगड्याचा. म्हणजे आत माणूस राहतो, राक्षस नाय.’

‘चूक!’ मी सवयीने ओरडलो.

सगळे खो खो हसले. सुगंधा म्हणाली, ‘सर, पेपर तपासायला आलात काय?’

वसंता म्हणाला, ‘मास्तरा, उत्तर मलाच ठाऊक नाही, तुला रे कुठून?’ आणि त्याने मनात योजलेला राक्षस तिथल्या तिथे सोडून दिला. सुगंधाचा माणूस पुढे कित्येक रविवार त्या गुहेत राहिला.

मला ते सोसलं नाही. पस्तीस वर्षं मी पुस्तकात उत्तर असलेलेच प्रश्न विचारले होते. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सभागृहात फाशांवर जुगार चालतो.’ खेळ बंद झाला. वसंताने मला जाब विचारला नाही... विचारला असता तर बरं झालं असतं.

तिथे कधीही पैसे पणाला लागले नाहीत. मी खोटं लिहिलं, मत्सराने लिहिलं. ती नोंद रद्द करा आणि सभागृह उघडा. नाही उघडलंत, तर माझी पडवी आहे. खेळ तिथे सुरूही झाला आहे. प्रसंग सुगंधा सांगते, मीही एक पात्र असतो. प्रश्न विचारला की वसंता स्वतःचा चष्मा पुसत बसायचा, समोरच्याला नजरेचा धाक वाटू नये म्हणून. सुगंधाला चष्मा नाही. ती माझा मागून घेते आणि सावकाश पुसत राहते. तेवढा वेळ मला समोरचं काही दिसत नाही, आणि उत्तर तर मलाच द्यायचं असतं.