गॅरेजमधली पंगत

"काकू, एक रिक्वेस्ट आहे. तिथे हाताने जेवू नका हां. ऑफिसचे लोक असतील. ऑकवर्ड होतं यार."

अमेरिकेतल्या क्युपर्टिनोहून गाडी निघाली आणि माझा पुतण्या मंदार हे बोलला. काकूला यार म्हणतो आणि वर तिला जेवायला शिकवतो! आम्ही रत्नागिरीचे. सुट्टीत आला की याला माशातले काटे काढून मीच भरवायची. माझं डोकं तापलं ते तिथूनच.

२००७ चा जुलै होता. त्याच्या ऑफिसातला जोएल मूळचा फिलिपिन्सचा. त्याची मुलगी क्रिस्टीन हिचा 'देब्यू' (मुलगी अठरा वर्षांची झाल्याचा सोहळा) होता, म्हणून आम्ही डेली सिटीला चाललो होतो. वाटभर रखरखीत ऊन, आणि गाव आलं तर दाट धुकं. भर जुलैत स्वेटर घालावा लागला. टेकडीवर एकमेकांना चिकटून फिकट रंगांची घरं होती आणि प्रत्येकाच्या खाली गॅरेज. क्रिस्टीन पांढरा घोळदार झगा सावरत दारात आली आणि तिने माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. याला 'मानो' म्हणतात (आपल्याकडच्या वाकून नमस्कारासारखं). पोर मला तिथेच आवडली.

जेवायला भात आणि 'सिनिगांग' (चिंच घातलेलं माशाचं आंबट सार) होतं. चव अगदी घरची, पण प्रत्येकाच्या हातात चमचा न् काटा. मंदार माझ्यावर डोळे ठेवून होता. चमच्याने माशाची मी जी विटंबना केली ती कुणी वैऱ्यानेही करू नये.

"तुमच्या आई कुठे आहेत?" मी जोएलला विचारलं.

तो ओशाळला. "खाली जेवतेय. तिला तिथेच बरं वाटतं."

हे काही मला पटेना. मी जिना उतरले. गॅरेजमध्ये मोटारीमागे एक शेगडी होती. खारवलेले मासे तळायची ही जागा, 'डर्टी किचन' म्हणतात तिला. स्वतःच्या चुलीला कोणी घाणेरडी म्हणतं का? शेगडीपाशी लोला (आजी) बसल्या होत्या. पुढ्यात केळीचं पान, त्यावर भात. मला पाहताच त्यांनी भाताने माखलेला हात ॲप्रनखाली लपवला.

"लपवता कशाला? आमच्याकडे असंच जेवतात," म्हणत मी उपड्या बादलीवर बसले. त्यांनी निम्मं पान फाडून मला दिलं.

त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं. त्यांच्या लहानपणी फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं. "शाळेत इंग्रजी शिकवलं, जेवणसुद्धा शिकवलं. हाताने जेवलं की बोटांवर पट्टी. त्याआधी स्पॅनिश होते, त्यांनी आडनावं दिली. यादी काढून, रेशन वाटावं तशी."

"पण आता कोण मारतंय?"

"आता हसतात," त्या म्हणाल्या. नाताळात क्रिस्टीनने आजीचा हाताने जेवतानाचा फोटो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लावला होता. फोटोखाली मनिलातल्या सख्ख्या चुलत भावंडांनीच लिहिलं, 'प्रोमदी' (गावंढळ). पोर दिवसभर रडली. आज टेबलावर पानं पसरून सगळ्यांनी मिळून हाताने जेवायचं, म्हणजे 'कामायान' करायचं ठरलं होतं. जोएलने पानंही आणली होती. "पण क्रिस्टीन म्हणाली, पप्पांच्या ऑफिसातले इंडियन पाहुणे येणार, त्यांच्यासमोर नको. मला फक्त आज तिच्या शेजारी बसून जेवायचं होतं."

आमच्यासमोर नको! हसावं की कपाळ बडवावं! आम्ही यांना लाजतोय आणि हे आम्हाला.

"उठा," मी म्हटलं. त्यांना पानासकट वर आणलं, टेबलाशी मधोमध बसवलं, शेजारी मी बसले आणि भात कालवला.

"काकू, प्लीज!" मंदार दात-ओठ खात पुटपुटला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जोएल उठला, हात धुऊन आला आणि आईच्या पानातला घास घेतला. मग एकेक चमचा खाली पडला. मंदारचा तेवढा हातातच राहिला. क्रिस्टीन झगा सांभाळत उभीच होती. शेवटी तिने कॅमेरा काढला. "लोला, लुक हिअर!" आजीबाई इतक्या गोड हसल्या की माझा सगळा राग विरघळला. जिंकलो, असं वाटलं.

रत्नागिरीला परतल्यावर मंदारची मेल आली, क्रिस्टीनने फोटो लावलेत म्हणून. सायबर कॅफेत जाऊन बघितले. झगा होता, केक होता, नाच होता. आमचाही फोटो होता, पण गळ्याखाली कापलेला. पान नाही, भात नाही, हात नाहीत. दोन म्हाताऱ्या कशाला हसताहेत ते कळायला मार्ग नाही. ज्यांनी पट्ट्या मारल्या ते कधीच आपल्या घरी गेले. आता कुणी मारायलाही नको, आपलीच गोड पोर आपल्या हाताने आजीचे हात कापून टाकते. संतापाने मला पडद्यावरचं दिसेना.

फोटोखाली पहिलं वाक्य मंदारचं होतं: 'मस्त आलाय फोटो, काकू!'