फितीचं दुसरं टोक

चप्पलवाले मामा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी टाच. सावेडीत आमच्या रस्त्यावर कडुलिंबाखाली पोतं अंथरून बसायचे. झिजलेली चप्पल उलटी करून सांगायचे, "बँकेपुढनं येता न्हवं? तिथली फरशी डावीकडं कललीय." जाऊन बघावं तर खरंच कललेली. साहेबलोकांना हे कधी कळलं नाही, कारण ते गाडीतून उतरतच नाहीत.

महापालिकेने रस्ता नव्याने करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या सल्लागाराने कुठल्याशा समुद्रकाठच्या गावाचं चित्र उचलून आणलं. दुतर्फा नारळ! आम्ही रस्त्यावरचे रहिवासी भडकलो. 'नारळ नको, सावली द्या' असं पत्रक मी लिहिलं. मामांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाले, "नारळ लावत्यात तर समुद्र बी आनतील की टँकरनं."

मग आम्ही ठरवलं, नकाशा आपणच करायचा. लोकांचा नकाशा. दोन रविवार रस्ता मोजला. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मामांच्या. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "बसा जरा. आज रस्त्याचं माप चाललंय, पायाचं मागनं."

नकाशात मी सगळं काढलं. झाडं, दिवे, व्हीलचेअरसाठी उतार. कडुलिंबाखाली बाक काढला. मामांना काढलं नाही. विसरले म्हणायची सोय नाही, कारण मोकळी जागा कागदावर छान दिसत होती, एवढंच.

नकाशा मंजूर झाला. मी पेढे वाटले, मामांनाही. महिन्याभरात त्यांना उठवायला माणसं आली. मी अधिकाऱ्यावर तुटून पडले. त्याने शांतपणे नकाशा उलगडला. "इथं बाक आहे, मॅडम. खाली सही तुमचीच ना?"

मामा आरी, हातोडी पोत्यात भरत होते. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं."

"चुकलंच," ते म्हणाले. "मोजताना मी हुतो की तिथंच. टोक धरून." मग माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "अंगठा तुटाय आलाय. काढ ती चप्पल." पोत्यातून आरी पुन्हा बाहेर काढून त्यांनी उभ्यानेच टाके घातले.

ते श्रीगोंद्याला लेकीकडे गेले. इथे त्यांना जागा मिळावी म्हणून मी तिसरा अर्ज दिलाय. अंगठा अजून घट्ट आहे. पण ती चप्पल घालून श्रीगोंद्याला जायला, तिथे बसायला जागा मिळाली का एवढं विचारायला, माझे पाय अजून उचलत नाहीत.