तांब्यातला आवाज
परवा संकेश्वरच्या बस स्टँडवर शेजारच्या बाईच्या फोनमधून 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं ऐकू आलं आणि माझ्या नाकात एकदम आमच्या घराभोवतीचा मळीचा वास भरला. साखर कारखान्यातल्या यंत्रांपायी आप्पांचे कान गेलेले. सदलग्याला दिलेल्या आक्काचा फोन आला की ते अंदाजानं नुसतं "व्हय, व्हय" म्हणायचे आणि मागाहून त्याच कॉलचं रेकॉर्डिंग लावून फोन स्टीलच्या तांब्यात ठेवायचे. आवाज आत घुमायचा. त्याला कान लावून ते लेकीचं सगळं ऐकायचे, सासूचे टोमणे, नवऱ्याची मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तिला फोन करून धीर द्यायचे. एकदा फोन चार्जिंगला असताना आपोआप अपडेट झाला. त्या संध्याकाळी आक्काचा फोन आल्यावर आप्पांनी नेहमीसारखं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, तर एक गोड आवाजाची बाई दोन्हीकडं मोठ्यानं सांगू लागली, हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आक्काजवळ बसलेल्या सासूनं ते ऐकलं. "आमच्या घरातलं रेकॉर्ड करून ठेवतासा व्हय?" हेही तांब्यातच ऐकलं आम्ही. मोबाईलच्या दुकानदारानं सांगितलं, जुनं आता परत येत नाही. तेव्हापासून दर कॉलला आधी ती बाई बोलायची आणि मग आक्का एवढंच म्हणायची, "बरं हाय आप्पा, समदं बरं हाय." पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेली; ताप होता, असं सासरचे म्हणाले. आप्पा अजून रोज तिचा तो शेवटचा कॉल तांब्यात लावतात आणि मला जवळ बोलावतात, "नीट ऐक गं, तिच्या मागं कोण हुबं हाय काय?"