ताण्यावरचं पाणी

आज इस्त्री करताना ओल्या लिननचा गवतासारखा वास आला आणि मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या घरातली पुढची खोली आठवली. बायका जमवून तिथे लिनन विणायला आईनेच सुरुवात केली होती. आई सकाळी वारली त्या दिवशी, तिला स्मशानात नेल्यावर, तिच्याबरोबर विणणारी जोडीदारीण मागापाशी गेली आणि अर्धवट कापडाच्या उभ्या धाग्यांवर पाणी शिंपडू लागली. “सुतकात माग चालवणार तू? पोरीला तरी विचार,” आत्या म्हणाली. “चालवत नाही, अक्का. धागे वाळले तर तुटतील, तिचं एवढं काम जाईल.” दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. कोणाचं बरोबर, मला समजेना. जोडीदारीण पाणी शिंपडत राहिली. तेराव्यानंतर तिनेच ते कापड पुरं केलं. ते माझ्याकडे आहे. आईचं विणणं त्यात कुठे थांबतं, ते मला अजून सापडलेलं नाही.