कडूबाईचा रांजण

नाव कडू, पण हाताला चव अशी की राजूरच्या बाजारात तिच्या मटणाचा विषय निघाला की माणसं मिटक्या मारायची. कडूबाई धरणाच्या अंगाला एका पुण्याच्या साहेबाच्या फार्महाऊसवर राखणीला होती. नवरा गेल्यावर दिरानं घराला कुलूप घातलं, तेव्हा साहेबानं तिला मागची खोली दिली. तेवढी खोली सोडली तर बाईला पाठ टेकायला जागा नव्हती. हे आधी ध्यानात घ्या आणि मग तिला काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

साहेबाची लाडकी वस्तू म्हणजे परदेशी शेगडी. जाड चिनी मातीची, हिरवीगार, वर जड झाकण, खाली-वर हवेची झडपं. आत कोळसा पेटवायचा, झाकण लावायचं आणि कोंबडी भाजायची. कडूबाई तिला रांजण म्हणायची. लाड तर जावयाचे! पाणी लावायचं नाही, तडा जातो. साबण नाही. राख गार झाल्यावरच काढायची. तेलकट थर रिकामी शेगडी तापवून जाळायचा, मग खरवडायचा. सहा वर्षं कडूबाईनं हे बिनबोभाट केलं.

आणखी एक गोष्ट होती. पहिल्या वर्षी झडपं बंद करून कोंडलेल्या आगीवरचं झाकण तिनं झटक्यात उघडलं, तर आतून भप्पकन जाळ तोंडावर आला. भुवया जळाल्या. साहेब हसून म्हणाला, "कडूबाई, फुकटात पार्लर झालं की!" तेव्हापासून ती आधी झाकण दोन बोटं उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची. आतली आग निवळली की मगच उघडायची. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

यंदा साहेबानं सूर्यभानला आणलं. चाळिशीचा, गाडी चालवणारा, राखणही करणारा. "कडूबाई, आठ दिवसांत याला सगळं शिकव आणि खोली मोकळी कर," साहेब म्हणाला. जशी काही चप्पल बदलायची होती!

सूर्यभान गरीब स्वभावाचा. "मावशी, मावशी" करत मागं फिरायचा. त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, नाचणीचे पापड पाठवले, ते कडूबाईनं खाल्ले. राख शिकवली, झडपं शिकवली, खरवडणं शिकवलं. झाकणाचं मात्र शिकवलं नाही. रोज जिभेवर यायचं आणि रोज ती गिळायची. मला कुणी सांगितलं हुतं, असं स्वतःलाच म्हणायची.

रविवारी साहेबाचे पाहुणे आले. आग फार झाली म्हणून सूर्यभाननं झडपं बंद केली. "उघड रे, दाखव यांना!" साहेब ओरडला. कडूबाई दोन हातांवर कांद्याचं ताट घेऊन उभी होती. सूर्यभान झाकणावर वाकला. एक हाक मारली असती तरी पुरे होती. मेलीनं नाही मारली!

जाळ थेट तोंडावर आला. पुढं दवाखान्यात सूर्यभानचा डावा डोळा गेला.

त्याआधी, त्याला गाडीत घालतानाच साहेबानं दरडावून विचारलं, "कडूबाई, तू याला सांगितलं नव्हतंस?"

आता खोलीही जाणार आणि तोंडही काळं होणार. पण सूर्यभानच कण्हत बोलला, "मावशीनं सांगितलं असंल, साहेब. मीच इसरलो."

झालं! बेफिकीर म्हणून साहेबानं त्याला काढलं. एका डोळ्यावर गाडी कोण देतो? कडूबाईची खोली राहिली.

दोन महिन्यांनी सूर्यभान आणि बनुबाई भेटायला आले. तो पायरीवर बसला. चेहऱ्याची कातडी ओढली गेली होती.

"मावशी, रागावू नका," तो म्हणाला. "लई डोकं खाजवतो, पन तुमी ते कवा सांगितलं तेच आठवत न्हाई. तेवढं सांगा. जिवाला घोर लागलाय."

"यांचं ध्यानच नसतं कशात!" बनुबाई फणकारली.

कडूबाईनं तोंड उघडलं. खरं अगदी दातांपर्यंत आलं होतं. मागं खोलीचं दार उघडं होतं, आत तिची वाकळ पसरलेली होती.

"पैल्याच दिशी सांगितलं हुतं रं," ती म्हणाली. "तुझं ध्यान न्हवतं."

"व्हय," सूर्यभान म्हणाला, "तसंच आसंल." तो उठला, वाकून तिच्या पाया पडला. बनुबाई त्याला सडकेपर्यंत बोलत गेली आणि तो मान खाली घालून ऐकत गेला.