बाजेखालचं घमेलं

सकाळी डाळिंब सोलताना सालीचा तुरट वास नाकात शिरला आणि मला थेट सांगोल्याचं, अक्काचं अंगण आठवलं.

मुलं लहान होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून एसटीनं माझ्या या थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेलो होतो. तिथं पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा यायचा. अक्का अंगणात सुतळीची बाज टाकायची, खाली मोठं घमेलं ठेवायची आणि दोघांना बाजेवर बसवून रोज न्हाऊ घालायची. सुतळीतून गळणारं पाणी बघायला माझी धाकटी पार वाकून बाजेखाली डोकवायची.

"मावशी, हे पाणी कुठं जाणार?"

"दाराम्होरच्या डाळिंबाला. तुमची झाली, आता त्याची आंगूळ."

धाकटीनं जरा विचार केला. "मग तू कधी करतेस आंघोळ?"

"तुमी गेल्यावर की!"

आम्ही सगळे खळखळून हसलो. त्याच हसण्याच्या भरात मी मुलांच्या डोक्यावर आणखी एक तांब्या ओतला.

पाच वर्षांच्या पोरीला जे विचारावंसं वाटलं, ते मला का सुचलं नाही, याचंच आज नवल वाटतं. कारण अक्का थट्टा करत नव्हती. चारही दिवस ती त्याच हिरव्या लुगड्यात होती, आणि निघताना स्टँडवर मीच तिला म्हटलं होतं, "अक्का, चारचौघांत येताना लुगडं तरी बदलायचंस की गं."

ती नुसती पदर सारखा करत राहिली.